खो-खोवाल्या मॅडम

उज्वला साळवेने पहिल्यांदा बास्केटबॉल हातात घेतला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आणि तोवर कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक म्हणून तिचं नाव जाहीरही होऊन गेलं होतं.

नाशिकरोडच्या त्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाच्या मॅडम म्हणून लागून तिला जेमतेम वर्ष झालं होतं. एका कारखानदाराने आईच्या स्मरणार्थ मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचं कोर्ट बांधून दिलं. उद्घाटनाला फुगे सोडले, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, पोरींचा संघ उभा करा."

"सर, मी खो-खोची खेळाडू. बास्केटबॉलमधलं मला काहीच येत नाही."

"त्यातही पळायचंच असतं ना? मग झालं."

उज्वला खो-खो विद्यापीठापर्यंत खेळली होती. पळणं, वाकणं, हुलकावणी देऊन निसटणं हे तिच्या अंगात होतं, पण एवढा मोठा चेंडू आपटत पळायचं म्हणजे तिला संकटच वाटलं. कोणीतरी सांगितलं की देवळाली कॅम्पात एक निवृत्त सुभेदार आहेत, चिमाजी शिंदे म्हणून, ते पलटणीच्या संघातून खेळायचे. पुढच्या रविवारी ती बसने कॅम्पात गेली आणि पत्ता विचारत त्यांच्या दारात उभी राहिली. सुभेदारांना वाटलं, मुलाला शिकवायचंय.

"मुलगा कुठंय?"

"मुलगा नाही, मीच आहे शिकायला."

त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साडीत नाही जमणार," एवढंच म्हणाले. पुढच्या रविवारी ती ट्रॅकपँट घालून गेली. वर्षभर दर रविवारी ती त्यांच्याकडून नियम शिकली, पास द्यायला शिकली, चेंडू न आपटता पळालं की पंच शिट्टी का मारतो ते शिकली. सोमवारी तेच ती मुलींना शिकवायची. मुली तिच्यापेक्षा एका दिवसानेच मागे होत्या आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

पहिल्या स्पर्धेत त्यांचा पार धुव्वा उडाला. एका पोरीने पास देताना सवयीने "खो!" अशी आरोळी ठोकली आणि अख्खं मैदान हसलं. तेव्हापासून जिल्ह्यातल्या कॉलेजांमध्ये उज्वलाला नाव पडलं, खो-खोवाल्या मॅडम.

तिला त्या नावाचा राग आला नाही. उलट त्या हसण्यातूनच तिला वाट सापडली. तिच्याकडे येणाऱ्या मुली उंच नव्हत्या. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, आसपासच्या मळ्यांमधल्या, वसतिगृहात राहणाऱ्या. बास्केटखाली उभं राहून चेंडू झेलणं त्यांना जमणार नव्हतं, पण पाठलाग जमणार होता. तिने त्यांना शिकवलं की चेंडू समोरच्या संघाकडे गेला की मागे यायचं नाही. तिथंच, त्यांच्याच बास्केटजवळ त्यांना गाठायचं, श्वास घेऊ द्यायचा नाही. दर वर्षी मैदानावरच्या लाल मातीत आधी दोन महिने पळणं, मग कोर्ट. हळूहळू संघ जिंकायला लागला. समोरच्या मुली दमून कमरेवर हात ठेवायच्या आणि साळवे मॅडमच्या पोरी तेव्हा कुठे तापायच्या. त्यातल्या कोणी पोलिसात गेल्या, कोणी शाळेत खेळाच्या शिक्षिका झाल्या. लग्नपत्रिका द्यायला येताना आधी कोर्टावर यायच्या, मग स्टाफरूममध्ये.

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली.

मग सलग तीन वर्षं त्यांचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरला, तिन्ही वेळा त्याच एका कॉलेजकडून. त्या कॉलेजने बाहेरून प्रशिक्षक आणला होता. त्यांच्या मुली लांबून चेंडू मारायच्या आणि तो जाळीत पडायचा. पळून दमवायला त्या मधे सापडायच्याच नाहीत. तिसऱ्या पराभवानंतर संस्थेने ठरवलं की आपणही पदविकाधारक प्रशिक्षक नेमायचा. जूनमध्ये गोरक्ष आव्हाड नावाचा तिशीचा तरुण रुजू झाला. उज्वलाला संघ व्यवस्थापक केलं. म्हणजे कागदपत्रं, गणवेश, बसची सोय, पाण्याच्या बाटल्या.

प्राचार्य आता दुसरे होते. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, "मॅडम, तुमचा मान आहेच. ताण फक्त कमी होईल."

त्या संध्याकाळी ती एकलहऱ्याच्या क्वार्टरमध्ये परतली आणि स्वयंपाकाला लागली. तिचा नवरा राकेश वीज केंद्रात तंत्रज्ञ होता. पहिली पाळी करून तो घरी आला होता. तो बराच वेळ दारात उभा राहून बघत होता.

"चिडलीयेस का?"

"नाही."

"मग भाकरी अशी का बडवतेयस?"

उज्वलाने हात थांबवला. "त्यांचं चुकलंय असं म्हणता येत नाही ना, म्हणून. चुकलं असतं तर भांडले असते."

 राकेशने तव्यावरची भाकरी उलटवली आणि दोघं जेवायला बसली.

चार दिवसांनी सकाळी ती कॉलेजच्या गेटमधून आत आली तर सगळा संघ जिमखान्याच्या पायऱ्यांवर बसलेला. गोरक्ष सर एकटेच कोर्टावर चेंडूंची जाळी घेऊन उभे. कर्णधार चैताली उठून पुढे आली. तिचे वडील तोफखान्यात होते आणि बोलायला ती कोणाला घाबरत नसे.

"मॅडम, आम्ही ठरवलंय. तुम्ही शिकवणार नसाल तर आम्ही खेळणार नाही."

मागून संजना म्हणाली, "तुमी नाय तं आमी पन नाय." संजना सुरगाण्याची. उंचीने सगळ्यांत लहान, पण तिच्याइतकं झपाट्याने वळणारी मुलगी उज्वलाने पाहिली नव्हती.

उज्वलाला एक क्षण फार बरं वाटलं. तो क्षण संपल्यावर तिला स्वतःचाच राग आला, आणि तो मुलींवर निघाला.

"माझ्यासाठी खेळता का गं तुम्ही? चैताली, तुझं हे शेवटचं वर्ष. ते माझ्या रुसव्यात घालवायचंय? उठा. सर उभे आहेत, दिसत नाही?"

"पण मॅडम..."

"उठा म्हटलं ना."

त्या उठल्या. मान खाली घालून, पाय ओढत कोर्टावर गेल्या. उज्वला ऑफिसात जाऊन बसली आणि खेळाडूंचे फोटो अर्जांवर चिकटवत राहिली.

तिला वाटलं होतं, हेच सगळ्यांत अवघड होतं. पण अवघड दिवस पुढे आला. श्रावणातल्या एका सकाळी ती बाटल्या भरून कोर्टाकडे निघाली असताना संजना तिच्याकडे धावत आली. चेहरा नुसता फुललेला. "मॅडम, बघा, मला उडी मारून टाकता येतं आता! सरांनी..." आणि एवढं बोलून ती थबकली. काहीतरी चुकीचं बोलून गेल्यासारखी.

"दाखव की," उज्वला म्हणाली.

संजनाने चेंडू दोनदा आपटला, सरळ वर उडाली, कोपर आत, मनगट शेवटी अलगद वाकलेलं. चेंडू कड्याला न लागता जाळीतून उतरला. उज्वलाने टाळ्या वाजवल्या. मग बाटल्या ठेवून ती जिमखान्याच्या मागे नळावर गेली आणि चेहऱ्यावर पाणी मारत राहिली. इतकी वर्षं तिच्या मुली छातीपासून चेंडू ढकलायच्या, कारण तिला तेवढंच येत होतं. सुभेदारांनी तसंच शिकवलं होतं आणि तिने पुढे काही विचारलं नव्हतं.

सराव संपल्यावर ती गोरक्षकडे गेली.

"सर, ते कोपर आत ठेवायचं, ते मलाही शिकवाल?"

तो गोंधळला. ती चेष्टा करतेय की काय, अशा नजरेने त्याने पाहिलं. मग म्हणाला, "शिकवतो. पण मॅडम, एक विचारू? या मुली मी सांगतो ते सगळं करतात, पण माझ्याशी बोलत नाहीत. सामन्यात काय दुखतंय, कोण घाबरलीय, मला कळतच नाही."

"तुम्ही त्यांना काय म्हणून हाक मारता?"

"जर्सीच्या नंबरने. पटियालाच्या क्रीडा संस्थेत आम्हालाही तसंच बोलवायचे."

"नावाने बोलवा. आणि सात नंबरची जी आहे ना, तिला सगळ्यांसमोर रागावू नका. बाजूला घेऊन सांगा, मग काय वाट्टेल ते करेल."

त्या दिवसापासून सराव संपला की दोघं अर्धा तास थांबत. तो तिला चेंडू टाकायला शिकवायचा. ती त्याला मुलींबद्दल सांगायची, कोणाच्या घरी काय आहे, कोणाला उपाशीपोटी चक्कर येते, कोण हरल्यावर दोन दिवस बोलत नाही. गोरक्ष शिकवण्यात कडक होता. "मॅडम, कोपर," असं तो एवढ्या वेळा म्हणाला की राकेशलाही ते पाठ झालं आणि जेवताना तोही म्हणू लागला.

त्या वर्षीही त्यांचा संघ अंतिम फेरीत गेला आणि पुन्हा हरला, पण एका गुणाने. शेवटच्या क्षणी संजनाचा चेंडू कड्यावर फिरून बाहेर पडला. ती खाली बसली ती उठेना. गोरक्ष तिच्याजवळ गेला, मग मागे वळून त्याने उज्वलाकडे पाहिलं. उज्वला संजनाशेजारी सिमेंटवरच बसली.

"चेंडू मी घालवला, मॅडम."

"हो, गेला. पण तुझ्याकडे चेंडू द्यावा असं चौघींना वाटलं. पुढच्या वर्षीही वाटेल."

ते खरं होतं, आणि संजनाला ते पटलं असावं, कारण थोड्या वेळाने तिने बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या.

परतीच्या वाटेवर गोरक्षनेच विषय काढला. "पटियालाला उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा कोर्स असतो. तुम्ही जा."

"माझं वय बघा, सर. चव्वेचाळीस."

"वयाची अडचण नाही, मी विचारून ठेवलंय. गुडघ्यांचं मात्र तुम्ही बघा."

ती मे महिन्यात गेली. वसतिगृहातल्या खोलीत बाकीच्या मुली तिच्या विद्यार्थिनींच्या वयाच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी तिला कोणाची तरी आई समजून खुर्ची दिली. पहाटे मैदान, दुपारी हिंदीतले तास, संध्याकाळी पुन्हा मैदान. उजवा गुडघा सुजला तेव्हा तिने बर्फ बांधला आणि फोनवर राकेशला काहीच सांगितलं नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. दुसऱ्या संधीला परीक्षक समोर उभे असताना तिने मनातल्या मनात "मॅडम, कोपर" असं स्वतःलाच बजावलं आणि चेंडू टाकला. ती पास झाली. वर्गात तिचा नंबर शेवटून चौथा होता, हे ती पुढे सगळ्यांना हसत सांगायची.

ती परतली त्याच महिन्यात गोरक्षला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या क्रीडा केंद्राचं बोलावणं आलं. जाण्याच्या आदल्या दिवशी तो पेढे घेऊन एकलहऱ्याला आला, राकेशशी बराच वेळ विजेच्या संचांबद्दल बोलला आणि निघताना उज्वलाला म्हणाला, "मी दोन वर्षं राहीन असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं. आत्ताशी कुठे तुमच्याशी भांडायला लागले होते."

प्राचार्यांनी संघ पुन्हा तिच्याकडे दिला. तिने एकच मागणी केली, मदतनीस हवी, आणि ती चैताली असावी. चैतालीचं शिक्षण संपलं होतं आणि ती घरी बसून भरतीची वाट बघत होती. "तिचा आवाज मोठा आहे," उज्वला म्हणाली, "आणि ती मला चूक दाखवायला घाबरत नाही."

पुढच्या हिवाळ्यात सिन्नरला जिल्ह्याचा अंतिम सामना झाला, समोर तेच कॉलेज. मध्यंतराला उज्वलाच्या मुली मागे होत्या. तिसऱ्या सत्रात चैताली तिच्या कानाशी म्हणाली, "मॅडम, पाठलाग सुरू करू या. त्यांची उंच मुलगी दमलीय." उज्वला थोडं थांबली. आपल्या मुलीही दमतील, आणि दमलेल्या हाताने नेम चुकतो, हे आता तिला कळत होतं. तिने दोन ताज्या दमाच्या मुली आत पाठवल्या, संजनाला बाहेर बसवलं. संजनाने रागाने टॉवेल ओढला.

"बस पाच मिनिटं. तू मला शेवटी हवीयेस."

पाठलाग सुरू झाला. समोरच्या संघाला आपल्याच अर्ध्या कोर्टातून चेंडू बाहेर काढता येईना. अंतर कमी होत होत बरोबरी झाली. मग संजना आत गेली. तिने एक चेंडू चुकवला, एक जाळीत टाकला, नंतर आणखी एक. शिट्टी झाली तेव्हा फलकावर चार गुणांची आघाडी होती आणि चैतालीचा आवाज बसला होता.

बस नाशिककडे निघाली. मुली आधी गात होत्या, मग एकेक करून खिडक्यांना डोकी टेकत गेल्या. संजना चषक मांडीवर घेऊन जागीच होती. उज्वलाने घरी फोन लावला.

"जिंकलो."

पलीकडून राकेशने मोठं पातेलं काढल्याचा आवाज आला.  "बरं झालं. किती जणी जेवायला येतायत?"

उज्वलाने मागे वळून बसभर नजर फिरवली.

"सगळ्याच," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरला बस एकलहऱ्याकडे घ्यायला सांगितली.