गाडी पुरी होईस्तोवर

सकाळच्या उन्हाची पहिली तिरीप पडवीत शिरते ती आधी मोटारीच्या नाकावर पडते आणि मग माझ्या नवऱ्याच्या पावलांवर. कारण त्या वेळी यांचा तेवढाच भाग दृष्टीस पडत असतो. बाकीचा देह मोटारीखाली. जांभ्याच्या लादीवर टेकलेल्या दोन टाचा, डिझेल आणि उंडीच्या बियांच्या कडू तेलाचा मिश्र गंध, आणि पाना निसटला की मोटारीच्या पोटातून येणारा एक शब्द, जो मी शाळेत कुठल्या मुलाला उच्चारू दिला नसता. आमच्या घरी दिवस उजाडतो तो असा. तुळशीला पाणी घालून मी त्या टाचांना वळसा घालते आणि चहाचा कप खाली ठेवते. एक काळा हात बाहेर येतो आणि कप आत घेऊन जातो.

ही मोटार यांच्याहून वयाने थोरली. गोल दिवे, फुगीर गाल, आणि दारं अशी की उघडताना आपण कुणाच्या तरी घरात पाऊल टाकतो आहोत असं वाटावं. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या एका बागायतदाराच्या मांगरात, आंब्यांसाठी साठवलेल्या पेंढ्याखाली ती कितीतरी पावसाळे निजून होती आणि तिच्या मागच्या आसनावर कोंबड्या अंडी उबवत होत्या. हे तिथे आंबे बघायला गेले आणि मोटार घेऊन आले. टेम्पोतून ती उतरवली तेव्हा चालण्याचं सोडाच, तिला उभंही धड राहता येत नव्हतं. शेजारणी तिला माझी सवत म्हणू लागल्या. मला ते पटलं नाही. सवतीला नटावं तरी लागतं. ही नुसती गंजून बसली आणि घरातलं सगळं लक्ष तिने ओढून घेतलं.

पडवीतल्या आंब्याच्या पेट्या माजघरात आल्या, माजघरातली भात मोजायची पायली माळ्यावर गेली, आणि माझ्या पितळी परातीत इंजिनाच्या कड्या आंघोळीला बसल्या. लोणच्याच्या बरणीत मी एकदा हात घातला तर बोटांना नट लागले. ते पुसून मी पडवीत नेऊन ठेवले. बोलून उपयोग होतो त्या माणसांशी बोलावं, असं माझं मत नोकरीत असतानाच बनलं होतं.

हे बोटीवर होते. मालवाहू बोटींच्या इंजिनघरात, समुद्राच्या पातळीखाली, जिथे दिवस आणि रात्र केवळ पाळीवरून ओळखायची, तिथे यांचं अवघं तारुण्य गेलं. रत्नागिरीत अशी घरं पुष्कळ आहेत. भिंतीवर परदेशी घड्याळ, कपाटात न वापरलेला चहाचा संच, आणि नवरा बोटीवर. त्या बायकांना वाट बघणं अंगवळणी पडतं. मीही तशीच मुलीला वाढवत, शाळेत शिकवत, कौलं शाकारून घेत, यांच्या नसण्याभोवती एक नेटका संसार रचत गेले. निवृत्त होऊन हे कायमचे घरी आले तेव्हा लोक म्हणाले, समुद्रावरचा माणूस परतला. माझ्या दृष्टीने ते एका यंत्राखालून निघून दुसऱ्या यंत्राखाली शिरले होते. मला त्याचं फार दुःख झालं नाही हेही सांगायला हवं. अनुपस्थितीची सवय झालेल्या बाईला चोवीस तासांचा नवरा जरा जडच जातो.

आमच्या गावचा वारा लोखंडाचा वैरी. बंदराकडून येतो आणि बिजागऱ्या, खिळे, दाराच्या कड्या असं जे जे सापडेल ते चाटून जातो. पुण्यामुंबईची या छंदातली मंडळी डब्यातली महागडी रसायनं लावतात म्हणे. यांनी मात्र यांच्या आजोबांची रीत धरली. आजोबा होडीच्या लाकडाला उंडीचं तेल लावत, म्हणून नातू मोटारीच्या तळाला लावतो. तेल उग्र, कडवट, अंगावरून दोन आंघोळींनीही न जाणारं. पाहुणे दारातच नाक मुरडत. पण गंज थांबला खरा, आणि यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

यांची खरी मिरास मात्र कानांत होती. एक लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग हे सांगत, आत कुठे काय दुखतंय ते. बोटीवर एखादं यंत्र बिघडलं की झोपेतून उठवून यांना न्यायचे, असं यांचा तिथला सोबती दत्ताराम अजूनही चारचौघांत सांगतो. दत्ताराम आमच्याच आळीत राहतो, आवाजाने दांडगा, मनाने निर्मळ, आणि तोंडाला कुलूप नाही. दर दसऱ्याला तो सोनं द्यायला येतो, मोटारीला हात लावून नमस्कार करतो आणि विचारतो, “काय रे वसंता, म्हातारी बोलली काय?” यंदाच्या दसऱ्याला म्हातारी बोलेल, असं यांनी त्याला छातीठोक सांगून ठेवलं होतं.

गणपती गेल्यानंतरच्या स्वच्छ, कोवळ्या उन्हात ती बोलली. आधी खोकली, मग धुराचा एक लोट सोडून थरथरत उभी राहिली. हे बोनेटपाशी हात मागे बांधून उभे होते, एरवी पोक काढून चालणारा माणूस एकदम ताठ. “ऐकतेस ना गो?” हे म्हणाले. “लोण्यासारखी चालतेय.”

मी ऐकत होते. मला त्या घरघरीच्या वर एक बारीक, कोरडी, अखंड कटकट ऐकू येत होती. मोटारींतलं मला काही कळत नाही, म्हणून मी साधेपणाने विचारलं, “ही कटकट असतेच का हो?”

“कसली कटकट?”

यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. कटकट माझ्या कानावर नखासारखी वाजत होती. हे बराच वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “काय नाय. झकास हाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मागच्या कितीतरी गोष्टी एकामागून एक उजेडात आल्या. कुकरच्या शिट्ट्या होऊन भात करपायचा आणि हे शेजारीच पेपर वाचत बसलेले असायचे. फोन वाजून वाजून थांबायचा. मी हाक मारायची, हे वळायचे नाहीत, आणि मी ती बोटीवरून आणलेली मिजास समजायचे. गेल्या उन्हाळ्यात हे एका पहाटे मला म्हणाले होते, “यंदा दयाळ आला नाय गो गायला.” आणि दयाळ पक्षी त्या क्षणी समोरच्या आंब्याच्या कलमावर बसून शेपटी उडवत गात होता. मला वाटलं होतं, हे थट्टा करताहेत.

माणसाचे कान म्हणे सगळे एकदम जात नाहीत. बारीक, उंच आवाज आधी निरोप घेतात, जाडेभरडे मागे राहतात. इंजिनघराने यांच्याकडून आपलं देणं असं हळूहळू वसूल केलं होतं. ऐकू न येण्याने कुणी मरत नाही. पण यांच्याकडे अभिमान बाळगावा अशी वस्तू एकच होती, आणि दसऱ्याला दत्ताराम येणार, कान देणार, आणि आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारणार की वसंता, तुला हे ऐकू येत नाय? ते यांना सोसणार नव्हतं. आणि मी आधी सांगितलं, तर तो घाव माझ्या हातून बसणार होता. एरवी यांच्या गोष्टींत मी पडत नाही. आपण बरं, आपलं काम बरं. पण तेव्हा माझा जीव खालीवर होत राहिला आणि स्वतःचं मला नवल वाटलं. या माणसाचं हसं होऊ नये, ही एवढी निकड माझ्यात कुठे दडून बसली होती कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हात पुसले, पडवीत गेले आणि यांना इंजिन चालू करायला सांगितलं. मग यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. इतक्या वर्षांत मी त्या हत्यारांना झाडण्यापुरताच हात लावला होता. मूठ कानाला लावली आणि एक अख्खा कारखाना डोक्यात शिरला. मी टोक सरकवत गेले. एका जागी कटकट जवळ आली, आणखी जवळ आली. “इथे,” मी मोठ्याने म्हणाले. “इथे वाजतंय. सुपात तांदूळ घोळवावेत तसं.”

यांनी इंजिन बंद केलं. फडक्याने एकेक बोट पुसलं.

“तुला कधी कळलं?”

“काल.”

“मला कळून बरेच दिस झाले,” हे म्हणाले. “म्हटलं, गाडी पुरी होईस्तोवर कान पुरतील.”

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही आणि यांनीही दुसरीकडे पाहिलं नाही. मग हे उठून बंदराकडे फिरायला गेले. मोटारीवर ताडपत्री पडली. दोन दिवस आमच्या घरात एवढी शांतता होती की माजघरातल्या पेट्यांतला उंदीरसुद्धा दबकून वागला. तिसऱ्या सकाळी टाचा पुन्हा लादीवर दिसल्या, आणि मी चहा ठेवला तेव्हा हाताऐवजी आवाज बाहेर आला, “मोकळी हायस काय?”

आमच्या संसारातलं सर्वांत दीर्घ संभाषण त्यानंतर झालं. हे एक पातळ पोलादी पट्टी इंजिनाच्या झडपांवरच्या फटीत सारून स्क्रू केसभर फिरवत आणि विचारत, “आता?” मी मूठ कानाला लावून सांगत असे. यांची भाषा इंजिनघराची, माझी चुलीजवळची; त्यामुळे सुरुवातीला भांडणंच झाली. “कमी झालं” या उत्तराने यांचं समाधान होईना. “कमी म्हंजे कसं गो? तांदूळ, का मोहरी?” हळूहळू सगळं ठरत गेलं. तांदूळ म्हणजे फट फार, मोहरी म्हणजे थोडी, आणि पेज मंद शिजताना येतो तो आवाज आला की हात थांबवायचा. यांची बोटं माझे शब्द ऐकत होती. अहंकार गिळून शिकणारा विद्यार्थी मी वर्गात पुष्कळदा पाहिला आहे. घरात प्रथमच पाहत होते. यांच्या कानामागचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत हेही मला त्याच दिवसांत दिसलं.

दसऱ्याला मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ चढली, बोनेटवर हळदकुंकू लागलं, चाकाशी नारळ फुटला. दत्ताराम आपट्याची पानं घेऊन आला, आळीतली चार माणसं गोळा झाली. यांनी चावी फिरवली. म्हातारी एका दमात जागी झाली. दत्ताराम वाकला, मान तिरकी करून ऐकत राहिला.

“वयनी,” तो सरळ होत म्हणाला, “कमाल हाय. याचा कान अजून तसाच हाय.”

यांनी ते ऐकलं नव्हतं. दत्तारामकडे यांचं लक्षच नव्हतं, मोटारीकडेही नव्हतं. चावीवर हात तसाच ठेवून हे माझ्या तोंडाकडे बघत होते, अगदी स्थिर, एखादं मूल निकाल ऐकताना बघतं तसे. मी मान हलवली. तेव्हा कुठे हे हसले.

त्या हसण्याने मी पुरती विरघळले वगैरे म्हणायचं माझं वय नाही. पण तेव्हापासून कुकर झाला, फोन वाजला, दारात कुणी आलं की मी यांना सांगते. पहाटे दयाळ बोलला की खांद्याला हात लावून उठवते आणि कसा बोलला तेही सांगते. बोटीवरच्या दिवसांत हे दूर असायचे आणि यांचा आवाज आठवत मी घर चालवायची. आता हे माझ्या हाताच्या अंतरावर आहेत, आणि एकेक आवाज यांना न सांगता निघून चालला आहे. माझा आवाजही केव्हातरी असाच जाईल, आणि तो गेल्याचं यांच्या आधी मला कळेल.