जो रुतेल तो शेवटी

त्या शनिवारी सेप्टिमिऊने जीप मुद्दाम रुतवायचं ठरवलं होतं, आणि या कामाचा त्याला अजिबात अनुभव नव्हता.

पंधरा हिवाळे तो अपुसेनीच्या डोंगरात, बर्फात बुडालेल्या जंगलवाटांवर, जिपांच्या रांगेत पहिला राहिला होता. पेशाने गुरांचा डॉक्टर. लोक उन्हाळ्यात त्याच्या हवाली गाई करत, हिवाळ्यात स्वतःचे जीव. पहिल्या जिपेने बर्फ फोडून चाकोऱ्या पाडायच्या आणि बाकीच्यांनी त्यांतून निमूट यायचं, अशी पद्धत होती. नियम एकच, तोही त्यानेच केलेला: जो रुतेल तो शेवटी. रुतलेल्याने बाजूला व्हायचं आणि वरच्या मुक्कामाच्या झोपडीत पोचेपर्यंत शेपूट होऊन राहायचं. हा नियम त्याने वकिलांवर, दंतवैद्यांवर, एकदा तर एका पाद्र्यावरही दयामाया न दाखवता चालवला होता. स्वतःवर कधी वेळ आली नव्हती, त्यामुळे नियम त्याला फार न्याय्य वाटे.

आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. झाडं दिसत, माणसं दिसत, सूपमधले घेवडे दिसत. पण आभाळ भरून उजेड सपाट झाला की बर्फातले उंचवटे, खळगे, कडा यांचं मिळून एकच पांढरं फडकं होऊन जाई. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन लगेच करू म्हणाल्या, तेव्हा त्याने वसंतातली तारीख मागून घेतली. "गाडी चालवता का?" असं त्यांनी विचारलं, त्यावर तो "क्वचित" म्हणाला. त्याची बायको वेटुरिया शेजारच्याच खुर्चीवर होती. तिने फक्त छताकडे पाहिलं.

मित्रांना सरळ सांगून टाकणं हाही एक मार्ग होता. पण नियमाने मागे जाणं वेगळं आणि डोळ्यांमुळे मागे जाणं वेगळं. पहिल्यात माणूस पुढच्या शनिवारी परत पुढे येतो.

बीच झाडांच्या रानातल्या पहिल्या चढावर त्याने नको तिथे ॲक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, स्वतःसाठी खड्डे खणत खाली गेली आणि जिपेचं पोट बर्फावर टेकलं.

"रुतलो," तो म्हणाला.

"रुतवलीस," वेटुरिया म्हणाली आणि सूर्यफुलाची पुढची बी फोडली.

दुसऱ्या जिपेतून डोरिना फावडं घेऊन आली. गावात तिची बेकरी होती, आणि सात हिवाळे ती सेप्टिमिऊच्या चाकोरीतून वीतभरही बाहेर गेली नव्हती. तिच्यामागून तिसऱ्या जिपेतला ट्रायान, औषधांच्या दुकानाचा मालक, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, मांडीभर बर्फातून शिव्या देत आला.

"नियम म्हणजे नियम," सेप्टिमिऊ जमेल तेवढा पडेल चेहरा करून म्हणाला. "डोरिना, तू हो पुढे."

"छे, डॉक्टर! तुम्ही रुतलात तिथे आम्ही तर गाडलेच गेलो असतो."

"आणि हे रुतणं नव्हेच," ट्रायानने निकाल दिला. "जीप जरा टेकली. वय झालंय तिचं. तुझंही झालंय, पण आम्ही बोलतो का?"

"अरे, तुला मी याच चढावर मागे पाठवलं होतं!"

"मी रुततोच. माझा तो स्वभाव आहे."

दोर बांधून त्यांनी जीप ओढून काढली आणि त्याला पुन्हा पुढे घातलं. ओढ्याकाठी तो दुसऱ्यांदा रुतला, या वेळी इतका मन लावून की दारही उघडेना. त्यांनी आणखीच मायेने खणून काढलं, गरम चहा पाजला, आजचा बर्फच मेला वाईट म्हणाले, आणि परत पुढे. पंधरा वर्षं कमावलेला आदर असा उपयोगी पडत होता.

मग रान संपलं आणि सासूची कड आली. डावीकडे डोंगराची भिंत, उजवीकडे घळ, मधे एका जिपेपुरती वाट. कोणाची सासू, आणि ती पडली की पाडली, यावर खालच्या दोन गावांचं अजून एकमत नाही. सेप्टिमिऊला भिंत दिसली. तिच्यापुढे नुसतं पांढरं होतं. गेल्या महिन्यात तो इथून आठवणीने गेला होता. पण बर्फाचे ढीग वाऱ्याने सरकतात, आणि सरकताना कोणाच्या आठवणीला विचारत नाहीत.

वेटुरियाने बियांची पुडी खिशात टाकली, टोपी कानांवर ओढली आणि दार उघडलं.

"कुठे निघालीस?"

"मी चालत येते. तू आण जीप."

"घाबरलीस?"

"हो. आणि मागचे घाबरलेले नाहीत, त्याची जास्त भीती वाटते."

सेप्टिमिऊने वायरलेसचं बटण दाबलं.

"मला दिसत नाहीये."

"काय दिसत नाहीये?" ट्रायानचा आवाज.

"बर्फ."

"अरे, सगळीकडे तोच तर आहे!"

"तेच. सगळीकडे तोच दिसतो. मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत."

"कधीपासून?"

"उन्हाळा संपल्यापासून."

"म्हणजे गेल्या महिन्यात इथून आलो तेव्हा..."

"तेव्हाही."

"माझी नात होती गाडीत, सेप्टी." या आवाजात चेष्टा नव्हती. "भेदरली होती. मी तिला म्हटलं, पुढे डॉक्टर आहेत, झोप निवांत."

सेप्टिमिऊने हँडब्रेक ओढला.

"मागे फिरू या," ट्रायान म्हणाला.

"डोरिना नेईल," सेप्टिमिऊ म्हणाला.

"मी?" डोरिना उसळली. "मी कधी पुढे गेलेच नाही, डॉक्टर. तुम्ही जाऊ दिलंत कुठे?" मग दार उघडत, "थांबा जरा."

ती उतरली. मागच्या रानातल्या बीचच्या वाळक्या फांद्या तिने काखेत मारल्या, फावडं उलटं धरलं आणि कडेवर चालत निघाली. एक पाऊल, मग दांड्याने टोचून बघायचं. दांडा टणक जमिनीला लागला की पुढे. जिथे तो तळ न लागता आत गेला, तिथे अलीकडे कडेची खूण म्हणून फांदी रोवायची. बेकरीत पाव आतून भाजलाय का हे बघावं तितक्या शांतपणे तिचं काम चाललं होतं.

सेप्टिमिऊ बघत बसला. पंधरा हिवाळ्यांत तो दुसऱ्यांना खणून काढायला असंख्य वेळा उतरला होता, वाट तपासायला एकदाही नाही. मागे माणसं थांबलेली असताना पुढच्याने खाली उतरून काठी टोचत बसायचं, हे त्याला कसंसंच वाटलं असतं. आता माणसं थांबली होती, आणि थांबल्याने कोणाचं काही बिघडलं नव्हतं. डोळ्यांमुळे पुढे जाता येत नाही, असं त्याने मघाशी सांगितलं होतं. ते पुरतं खरं नव्हतं. खाली उतरून टोचून बघायला चांगले डोळे लागत नाहीत.

डोरिना परत आली, तेव्हा उजव्या हाताला फांद्यांची रांग उभी राहिली होती. सेप्टिमिऊने जीप वाटेच्या तोंडाशी भिंतीतल्या एका खोबणीत घेतली. डोरिना संथपणे पुढे गेली. ट्रायान काच वर करून, त्याच्याकडे न बघता गेला.

"आता बसते," वेटुरिया आत चढत म्हणाली.

दोन जिपांनी दाबलेल्या चाकोऱ्या काळपट आणि खोल होत्या; त्या त्यालाही दिसत होत्या. तो सावकाश निघाला. पुढची जीप वळणाआड जाणार तोच तिचे लाल दिवे लागले आणि ती थांबली.

"आलास का?" वायरलेसवर ट्रायान अजून रागातच होता.

"येतोय."

"ये."

दिवे लागलेलेच राहिले.