मानाचा ट्रॅक्टर

गेल्या वर्षी आमच्या यांनी हरण्या-लाल्याची बैलजोडी विकली, तीही चुलत दीर गुलाबरावांना, आणि दारात एक जुना ट्रॅक्टर आणून उभा केला. पोळ्याच्या तोरणाखालून पहिलं जाण्याचा मान पिढ्यान्पिढ्या आमच्या जोडीचा. आता गुलाबराव म्हणायला लागले की बैलांबरोबर मानही आपल्या गोठ्यात आला. हे म्हणाले, मान घराचा असतो, माझा ट्रॅक्टर पहिला जाईल. ट्रॅक्टरला शिंगं नसतात हे शेषरावांना, म्हणजे यांना, सांगायला गावात कोणी धजावलं नाही.

अडचण एकच होती. तोरणाकडे जाणारा मारुतीच्या पारापुढचा चढ आला की ट्रॅक्टर नुसता बोंबलायचा, जागचा हलायचा नाही. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, गाव बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत असताना, आमच्या अंगणात जीवन मिस्त्री ग्रीसने हात माखून बसला होता. अमडापूरचा हा पोरगा बोलायला फटकळ, पण कामाला चोख. त्याने ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग केले, तेव्हा शेजारपाजारचे मयताला यावे तसे गोळा झाले. आतली क्लच प्लेट तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी निघाली. तिच्या आधीचीही तशीच गेली होती.

त्याने नवी प्लेट बसवली, नट फिरवून पेडलला बोटभर ढील दिली आणि यांना एक चक्कर मारायला लावली. स्वतः मात्र यांच्या डाव्या पायाकडेच बघत राहिला.

"काका, गिअर पडला का पाय काढत जा पेडलवरून. तुमी दाबूनच ठेवता. म्या कितीबी ढील देली तरी प्लेट जयतेच."

"दाबत नाही बे. नुसता ठेवतो."

"पन काऊन ठेवता?"

यांनी ट्रॅक्टर बंद केला. कारण मला माहीत होतं. उभा जन्म बैल हाकले, कासरा कधी सैल सोडला नाही. हाताची ती सवय आता पायात उतरली होती. घरात जोडीचं नाव काढायचं नाही अशी तंबी यांनीच दिली होती, पण यांचा पाय काही ती तंबी पाळत नव्हता. मला यांची कीव आली आणि रागही आला, कारण जोडी विकायचा शहाणपणा यांचाच होता.

पोळ्याला हे फेटा बांधून निघाले. बॉनेटवर झूल. मी मागच्या चाकावरच्या मडगार्डवर बसले, कारण माझा यांच्या पायावर भरवसा नव्हता. चढाच्या पायथ्याशी मी म्हटलं, "गिअर पडला का डावा पाय वर घ्या न् मांडी घाला. बैलगाडीत बसल्यावानी."

"लोक काय म्हनतीन वं?"

"ट्रॅक्टरले झूल घातली तुमी. आता लोकायचं काय राह्यलं?"

यांनी मांडी घातली आणि ट्रॅक्टर चढ असा चढला की मीच घाबरले. वर तोरणाखाली गुलाबराव जोडी घेऊन आधीच उभे होते आणि उकंडराव पाटील झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणत होते. झडत्या संपेपर्यंत थांबायचं असतं. थांबायला यांनी पाय खाली घेतला, तर तो मुंग्या येऊन बधिर झालेला, पेडल दाबलंच जाईना. गुलाबराव बैलांसकट बाजूला पळाले, आमच्या सायलेन्सरने तोरण ओढून नेलं, आणि तुटलेलं तोरण पाहून सगळं गाव "पोळा फुटला" म्हणत सुटलं. उकंडरावांची झडती तोंडातच राहिली.

गुलाबराव जोडी सोडून भांडायला आले. उकंडरावांनी निकाल दिला की तोरण ज्याने तोडलं मान त्याचा, मग त्याने ते शुद्धीत तोडो की बेशुद्धीत. हे फेटा सारखा करत घरी निघाले.

दारात हरण्या आणि लाल्या उभे होते. पोळा फुटला की घराकडे पळायचं एवढंच त्यांना माहीत, आणि वर्षभर गुलाबरावांची पेंड खाऊनही त्यांचं घर हेच होतं. हे ट्रॅक्टर चालूच ठेवून उतरले, लंगडत गेले आणि हरण्याच्या गळ्यात पडून भर गल्लीत रडले. मलाही आवरेना.

मागून गुलाबराव धापा टाकत आले. यांनी मान वर न करताच सांगितलं, "मान तू ने, गुलाब. जोडी राहू दे."

गुलाबरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी आतून पुरणपोळी आणली आणि मोडून हरण्याच्या तोंडात घातली.