भट्टीपासून लांब, तीन महिने

डॉ. रत्नमाला हिवराळे यांना अभ्यासासाठी साठ पुरुष हवे होते. सात महिन्यांत मिळाले होते नऊ.

मेडिकल कॉलेजात त्या वंध्यत्वावर संशोधन करत. वाळूजच्या कारखान्यांत रोज आठ तास भट्टीपाशी उभं राहणाऱ्यांचे शुक्रजंतू उष्णतेनं किती कमी होतात, आणि भट्टीपासून लांब गेल्यावर किती भरून येतात, हा त्यांचा विषय. पण वीर्याचा नमुना द्यायचा म्हटलं की माणसं खाली मान घालून उठून जात, आणि दुसऱ्या दिवशी बायकोला तपासायला पाठवत.

अशातच पुंडलिकनगरची रूपा आली. लग्नाला सहा वर्षं झालेली. सोनोग्राफ्या, नळ्यांची तपासणी, शहागंजातल्या एका वैद्याची चूर्णं, सगळं करून झालेलं. दोष कुठंच नव्हता. रत्नमालाबाईंनी जाड फाइल मिटली आणि नवऱ्याचा रिपोर्ट मागितला. तसा कागद नव्हताच. नवऱ्याला तपासून घ्यायला कुणी कधी सांगितलंच नाही, असं रूपा म्हणाली.

तिचा नवरा कृष्णा ओतकामाच्या कारखान्यात भट्टीवर होता. सुटीच्या दिवशी तो आला, आणि सोबत पैठणहून त्याची आई भागूबाईही, जी सहा वर्षं मूल नाही म्हणून रूपालाच बोल लावत आली होती. एवढ्या धडधाकट माणसाला तपासायचं कशाला, यावर तिनं अर्धा तास हुज्जत घातली. कृष्णा मात्र तेवढ्यात नमुना देऊन आला.

रिपोर्ट आला. शुक्रजंतू फार कमी होते. हे कायमचं नसेल, रत्नमालाबाईंनी समजावलं. नवे तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस भट्टीपासून लांब राहिलात तर फरक पडू शकतो. बाहेर बाकावर आई बसली होती. कृष्णा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आई, रूपात काई दोष नाय. माझ्यात हाय. आता तिला एक शब्द बोलायचा नाय."

भागूबाई उठली. तशीच स्टँडवर गेली आणि पैठणची गाडी धरली.

भट्टीवरून बदली मागायची तर कारण सांगावं लागणार. कृष्णाची जीभ रेटेना. आठवडा असाच गेला. मग रूपाकडून फोनवर हे कळल्यावर एका सकाळी भागूबाई पुन्हा आली ती थेट त्याच्या सुपरवायझरच्या, सर्जेरावांच्या घरी. ते तिच्याच माहेरच्या गावचे. चहा होईपर्यंत तिनं सगळं सांगून टाकलं, आणि तेही शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात. सर्जेरावांनी दुसऱ्याच दिवशी कृष्णाला पॅकिंगला टाकलं.

बातमी अख्ख्या कारखान्यात झाली. कृष्णा लाजेनं दोन दिवस जेवणाच्या सुटीत एकटाच बसला. तिसऱ्या दिवशी भट्टीवरचा आकाश त्याच्याशेजारी येऊन बसला आणि त्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात, असं हळूच विचारू लागला. त्याच्याही लग्नाला चार वर्षं झाली होती.

सोमवारी प्रयोगशाळेच्या दारात पाच जण उभे होते. पुढच्या सोमवारी अकरा. त्यांत सर्जेरावांचा धाकटा भाऊही होता. दोन महिन्यांत साठ पूर्ण झाले, आणि त्यावर आणखी माणसं येतच राहिली. रत्नमालाबाईंना पहिल्यांदाच कुणाला तरी नंतर या म्हणून सांगावं लागलं.

तीन महिन्यांनी कृष्णाचा नमुना पुन्हा तपासला. रत्नमालाबाईंनी आकडा दोनदा तपासला आणि रूपाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं. रूपानं एक डोळा मिटून आत पाहिलं.

"लई हायेत की," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटली.

आणखी पाच महिन्यांनी तिला दिवस गेले. भागूबाई पैठणचं घर बंद करून पुंडलिकनगरात राहायला आली. मागचं चुकलं, असं ती तोंडानं कधीच म्हणाली नाही. पण नऊही महिने तिनं रूपाला पाण्याचा हंडा उचलू दिला नाही, आणि दर तपासणीला रिक्षात तिच्या शेजारी तीच बसली.

मुलगी झाली. भट्टीवरच्या सगळ्यांना कृष्णानं जिलेबी वाटली. रत्नमालाबाई भेटायला गेल्या तेव्हा भागूबाईनं बाळ उचलून आधी त्यांच्याच मांडीवर ठेवलं. त्याच आठवड्यात त्यांच्या अभ्यासाचे आकडे पाहून कारखान्यानं भट्टीवरच्या कामगारांना आळीपाळीनं दुसऱ्या कामावर पाठवायचं ठरवलं होतं, आणि आकाशची बायको तिसऱ्या महिन्यात होती.