खंडेनवमीच्या ताटातली पट्टी

मी सिलिकॉनची पट्टी बोलतेय. दिसायला नखाएवढी, काळपट; पण माणसांची नखरेबाजी पाहून पाहून माझे डोळे विटले.

बॅटरीच्या पोटात माझी जागा. चार्जिंग लावलं की लिथियम माझ्या अंगात शिरतं नि मी तिप्पट फुगते. बॅटरी वापरली की ते निघून जातं नि मी आकसते. या फुगण्या-आकसण्यात अंगावरचं कातडं तडकतं. मग भोवतालच्या द्रवातून नवं कातडं धरतं, त्यात आणखी लिथियम खर्ची पडतं. असं होता होता बॅटरी मरते. माझं जगणं-मरणं सारं कातड्यावर.

सिंदी मेघेच्या एका कॉलेजात रोशनी नावाची पोरगी चार वर्षं याच कातड्याचा अभ्यास करत होती. तिचे मार्गदर्शक भूपेंद्र सर. त्यांचं ज्ञान एकाच वाक्यात मावायचं : पट्टीवर वरून दिलेला लेप जाड, तर पट्टी मजबूत. अहो, हिवाळ्यात तीन स्वेटरं घातलेलं लेकरू खाली वाकून चप्पलही घालू शकत नाही! पण शिकलेल्याला कोण सांगणार? माझ्या बहिणींवर जाड लेप चढले. चार्जिंगच्या चाळीस खेपांत लेपाचे पोपडे निघाले नि त्या गेल्या.

मग नव्या लेपासाठी रोशनीनं आम्हा पाच जणींना आम्लात धुऊन, कातडं काढून, हवाबंद डब्यात ठेवलं आणि आजी तानाबाईला घेऊन ती दीक्षाभूमीला गेली. इकडे खंडेनवमी. सरांनी यंत्रं पुसली, हार घातले, आणि डबा उघडून आम्हालाही पूजेच्या ताटात मांडलं! चौघींना हळदकुंकू लागलं. मी कापराच्या वाटीआड कोरडी राहिले. दोन दिवस उघड्यावर हवा खात.

रोशनी परतली नि तिनं कपाळावर हात मारला.

"सर, डबा काऊन उघडला?"

"यंत्राची पूजा नाई करावी का वं? खराब झाल्या असतीन तं फेकून दे."

चौघी फेकल्या. मला मात्र तिनं सेलमध्ये, म्हणजे चाचणीच्या चिमुकल्या बॅटरीत, भरलं. हवेनं माझ्यावर अगदी झिरझिरीत कातडं धरलं होतं. ते माझ्यासोबत फुगलं, माझ्यासोबत आकसलं. दोनशे खेपा काढल्या मी! एकीच्या भरवशावर पोरगी बसली नाही. आणखी पाच पट्ट्या मुद्दाम उघड्यावर ठेवल्या, पाचही टिकल्या.

तिनं प्रबंधात जसं घडलं तसं लिहिलं : पहिली पट्टी पूजेच्या ताटात दोन दिवस उघडी राहिली.

सर भडकले. "लोक हसतीन आपल्याले! लिही, मार्गदर्शकाच्या सूचनेवरून हवेत ठेवली."

"तुमची सूचना तं फेकून दे अशी होती, सर."

"मंग सही नाई भेटत."

शनिवार शेवटची तारीख. सही नाही तर चार वर्षं मातीत. घरी तानाबाई म्हणाली, "लिहून टाक ना वं बाई त्याच्या मनासारखं. काय जाते?"

"माह्या हातून खोटं जगात जाते, आजी. ते मागून परत घेता येत नाई."

शनिवारी पावणेपाचला तिनं तोच प्रबंध, ओळही न बदलता, सरांच्या टेबलावर ठेवला.

"बदललं का?"

"वाचून पाहा, सर."

सरांनी दोन पानं उलटली. खिशात चष्मा चाचपला, सापडला नाही. घड्याळाकडे पाहिलं नि सही ठोकली. चार वर्षांत ज्यानं एक पान वाचलं नाही, तो त्या दिवशी काय वाचणार होता? पोरगी जिंकली, पण ती माझ्या गुणावर नाही न् तिच्याही नाही; सरांच्या आळसावर.

आता मला सेलमधून काढून तपासायला काचेवर चिकटवलं आहे. भेगाळले, भुकटी व्हायला आले. माझी कीव करू नका, मला ताटातही बसवू नका. एवढंच करा : पोरीबाळी रात्रंदिवस खपून लिहितात, ते एकदा वाचत जा. जाते मी.