ताटलीतलं तण

माझ्या फ्रिजमध्ये मी इतके महिने जे जपलं ते माझ्या बायकोचं नव्हतंच, हे मला मंगळवारी सकाळी कळलं.

माशांचे डॉक्टर चहाला आले होते. मत्स्यालयातल्या टाक्या तेच तपासतात, आणि बायको गेल्यापासून अधूनमधून मलाही तपासून जातात. मी कौतुकाने काचेची ताटली काढून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, ताटली खिडकीच्या उजेडात धरली आणि ते हसले.

"हे कशाला पाळलंय राव? हे तर टाकीतलं तण. आम्ही दिसलं की मारतो."

"तिचे पॉलिप आहेत ते," मी म्हणालो.

त्यांचं हसू गेलं. ताटली त्यांनी इतकी हळू खाली ठेवली की मला पुढचं विचारायची गरज उरली नाही. तरी मी विचारलं.

बायको मत्स्यालयात जेलीफिश वाढवायची. लोक मोठ्या टाकीसमोर उभे राहून छत्र्यांची उघडझाप बघतात आणि त्यांना वाटतं, हा प्राणी असाच जन्मतो. तसं नाही. मादीच्या तोंडाखाली झालर असते, तिच्यात अंडी फळतात. त्यातून तिळाहून लहान अळी निघते, ती पोहत जाऊन कुठेतरी चिकटते आणि तिचा पॉलिप होतो. पॉलिप म्हणजे पांढरा देठ, वर तोंड, तोंडाभोवती बारीक हात. तो वर्षानुवर्षं जगतो आणि आपल्याच अंगातून आणखी पॉलिप काढतो. पाणी गार झालं की त्याच्या अंगाला आडव्या चिरा पडतात, एकावर एक बशा रचल्यासारख्या. मग वरून एकेक बशी सुटते आणि पोहायला लागते. तीच मोठी होऊन जेलीफिश. टाकीतली जेलीफिश वर्षभरात मरते. ताटल्यांमधले पॉलिप राहिले तरच पुन्हा नवी निघते.

"मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही. खायचं आणि टाकायचं तोंडही एकच," ती पाहुण्यांना सांगायची आणि माझ्याकडे बघायची. "तरी कुठे काही अडत नाही. यांच्या आतेभावासारखं."

मी फ्रिज दुरुस्त करतो. मत्स्यालयातल्या तिच्या मागच्या खोलीतलं पाणी गार करायचं यंत्र बिघडलं म्हणून गेलो होतो, तिथेच आमचं जमलं. पुढे लग्नानंतरही ते काम माझ्याकडेच राहिलं. मी गारवा द्यायचो, ती पिल्लं काढायची. तिची धाकटी बहीण तिच्याच हाताखाली शिकली. मीही तिला धाकटी म्हणतो.

बायको गेल्यावर थोड्या दिवसांनी मी स्टीलचा डबा घेऊन मत्स्यालयात धाकटीकडे गेलो. म्हटलं, ताईचे थोडे पॉलिप मला दे, घरी सांभाळीन. तिने मला दारात थांबवलं, आत जाऊन आली आणि डबा हातात दिला.

एक जुना फ्रिज मी त्यासाठीच ठेवला. आतला दिवा काढला, कारण पॉलिपला अंधार चालतो असं बायको म्हणायची. खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची अगदी बारीक पिल्लं उबवून ड्रॉपरने घालायचो. पॉलिप ती हातांनी धरून तोंडात घ्यायचे तेव्हा मी तिथेच स्टुलावर बसलेला असायचो. थंडीत पाणी हळूहळू गार केलं आणि चिरा पडायची वाट बघितली. पडल्या नाहीत. धाकटीला विचारलं की ती म्हणायची, "अजून थोडा गारवा द्या, भावोजी. ताईचेपण कधीकधी उशिरा फुटायचे."

डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. ही समुद्रफुलं. जेलीफिशच्याच कुळातली, हातांत डंख दोघांच्याही, आणि लहान असताना नवख्याला सारखीच वाटतात. उजेडात ती तपकिरी असतात, माझ्या अंधारात पांढरी पडली होती. "पण हे जन्मभर चिकटूनच राहणार," ते म्हणाले. "बर्फात ठेवलंस तरी यातून काही सुटून पोहणार नाही."

मी तसाच मत्स्यालयात गेलो. मागच्या खोलीत ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. यंत्राची वायर गुंडाळून त्याच्यावरच ठेवलेली, तिच्यावर धूळ. मी कितीदा म्हटलं होतं, एकदा यंत्र बघून जातो. "मस्त चाललंय," असं सांगून धाकटीने दर वेळी मला परतवलं होतं.

ती बादली घेऊन आत आली आणि मला बघून जागीच थांबली.

"कधी मेले?" मी विचारलं.

"ताई गेली तेव्हाच." तिने बादली खाली ठेवली. "मला या खोलीत पाय टाकवत नव्हता. आले तेव्हा पाण्याला वास मारत होता. एकही राहिला नव्हता."

"आणि मला काय दिलंस?"

"खेकड्याच्या टाकीतून खरवडून दिलं. तुम्ही दारात डबा घेऊन उभे होता, भावोजी. मी काय सांगणार होते?"

"हेच सांगायचं होतंस."

"तुम्ही जेवण सोडलं होतं. ते घरी नेलं आणि तेवढ्यासाठी जेवायला लागला होता."

"ते मी समजू शकतो," मी म्हणालो. "पण थंडीभर अजून गारवा द्या, अजून गारवा द्या, हे कशाला? मी तिथे स्टुलावर बसलोय, हे तुला माहीत होतं."

ती रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. ताईने तिला लहानाचं मोठं केलं होतं, तिचंही दुःख असणार. पण माझ्याशी ती रोज खोटं बोलली, आणि ताईचं नाव घेऊन बोलली.

मी निघालो तेव्हा ती मागून म्हणाली, "मोठ्या टाकीतल्या माद्यांच्या झालरीत अळ्या आहेत. आडव्या काचा टांगल्या तर खालच्या बाजूला बसतील. ताईच्याच पॉलिपांची वेल आहे ती. पण एकटीने मला जमणार नाही. यंत्र तुमच्याशिवाय कोणाला लावता येत नाही."

मी बाहेर पडलो.

डॉक्टर म्हणतात, त्या माद्या आता फार दिवस काढणार नाहीत. छत्र्या आकसायला लागल्यात. त्या मेल्या की बाहेरून जेलीफिश विकत आणून टाकी भरतील, आणि बघणाऱ्यांना फरक कळणार नाही.

समुद्रफुलं मी फेकली नाहीत. आज सकाळीही त्यांना खायला घातलं. त्यांनी नेहमीसारखं धरून खाल्लं, त्यांचा यात काय दोष.

काचा मात्र मी कापून आणल्या आहेत. कडा घासल्या, भोकं पाडली, दोऱ्या ओवल्या. दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, शेजारी माझी हत्यारांची पिशवी. धाकटीचा दोनदा फोन आला, मी उचलला नाही. काचा अजून टाकीत टांगायच्या राहिल्या आहेत.