दुसरा कॉम्प्युटर

बाईंचा हुद्दा कॉम्प्युटर. हे ऐकून न हसणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. बँकेत, दवाखान्यात, नातीच्या शाळेत, जिथे म्हणून अर्जावर हुद्द्याचा रकाना आला तिथे बाईंनी ठसठशीत अक्षरात ‘कॉम्प्युटर’ असं लिहिलं आणि खिडकीपलीकडच्या माणसानं दर वेळी मान वर करून बघितलं.

“कॉम्प्युटरवर काम करता, असं म्हणायचंय का?”

“नाही. मी कॉम्प्युटर आहे.”

एवढं सांगून बाई पुढचा रकाना भरायला घेत. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं, रांग त्याच्यामुळे खोळंबते, आपल्यामुळे नाही, असा त्यांचा हिशेब होता.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांच्या कचेरीत कॉम्प्युटर म्हणजे गणितं करणारा माणूस. बंदराच्या भरती-ओहोटीच्या कचेरीत असे आठ जण होते. पुढच्या वर्षी कोणत्या दिवशी किती वाजता किती पाणी चढणार, हे ते वर्षभर आधी कागदावर मांडत. चंद्राची ओढ इतकी, सूर्याची इतकी, खाडीच्या तोंडामुळे पडणारा फरक इतका, अशा तीस-पस्तीस ओळींची बेरीज-वजाबाकी झाली की एका भरतीची एक वेळ हाती लागे. त्यांची पुस्तिका छापली जाई आणि तिच्या भरवशावर जहाजं आत येत.

नियम एकच होता, पण दगडावरची रेघ होता. प्रत्येक आकडा दोघांनी काढायचा. पहिला एका खोलीत, दुसरा दुसऱ्या खोलीत, आणि एकमेकांचा कागद बघायचा नाही. मग पडताळणीवाले काका दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवत. जुळलं तर छपाईला. नाही जुळलं तर आधी आपापला कागद तपासायचा. दुसऱ्याच्या कागदाकडे जो बोट दाखवी, त्याच्याशी काका दिवसभर बोलत नसत.

बाई पहिल्या होत्या. जे दुसरे होते, त्यांच्याशी बाईंनी तिसऱ्या वर्षी लग्न केलं. कचेरीतली नावं घरी आली ती कायमची. आजही बाई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या ती “अहो दुसरे, चहा झालाय,” अशीच, आणि ते “आलो गं पहिली,” म्हणत यायचे. नवीन पाहुण्यांना यातून भलताच संशय यायचा, आणि दोघं तो खुशाल येऊ द्यायची.

लग्नानंतर एकदाच नियम मोडला. जेवताना दुसरे म्हणाले, “बारा तारखेची भरती जरा विचित्रच आली,” आणि बोलता बोलता वेळही सांगून गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी बारा तारीख मांडली आणि त्यांचं उत्तर हुबेहूब तेच आलं. काकांनी दोन्ही कागद जुळले म्हणून पुढे पाठवले. ती वेळ चाळीस मिनिटांनी चुकलेली होती. जहाजाला वाट दाखवत आत आणणाऱ्या बंदराच्या पायलटला पाण्याकडे बघूनच शंका आली आणि त्यानं जहाज बाहेर थांबवलं, म्हणून निभावलं. काकांनी दोघांना बोलावलं आणि आवाज न चढवता म्हणाले, “दोघांनी मिळून एकच चूक केलीत. म्हणजे त्या दिवशी कचेरीत एकच माणूस होता. दुसऱ्याचा पगार मी कुणाला देतोय?”

त्या दिवसापासून दोघांनी कानाला खडा लावला. घरात कामाचा एकही आकडा उच्चारायचा नाही. मुलं झाली, मोठी झाली, परगावी गेली, पण जेवणाच्या टेबलावर भरतीच्या वेळेबद्दल कुणी ब्र काढला नाही.

पुढे यंत्र आलं आणि येताना हुद्दाही पळवून घेऊन गेलं. आठातले सात एकेक करून निवृत्त झाले, दुसरेही झाले, जागा रद्द होत गेल्या. बाईंकडे उरलं ते बंदरातल्या मोजखांबावरच्या पाण्याची रोजची नोंद ठेवणं आणि छपाईचे कागद वाचणं. आता त्यांच्याही निवृत्तीला दहा दिवस राहिले होते, आणि साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं होतं.

साहेब माणूस चांगला होता. नवीन होता, नम्र होता, आणि प्रत्येक गोष्ट नीटनेटकी करायची त्याला हौस होती. त्यानं बाईंच्या सेवेच्या दाखल्याचा मसुदा पुढे केला. हुद्द्यापुढे ‘सांख्यिकी सहायक’ असं लिहिलेलं होतं.

“हा कोण?” बाईंनी विचारलं.

“तुम्हीच, बाई. तो जुना शब्द घातला तर वाचणारे हसतील. अर्थ बदलला ना आता त्याचा.”

“अर्थ बदलला हे खरं. पण मी नोकरी केली ती जुन्या अर्थाची. आणि पायलटांचं काय? हा शब्द आधी जहाजवाल्यांचाच होता, विमानं मागाहून आली. म्हणून तुम्ही आपल्या पायलटांचा हुद्दा बदललात का?”

साहेब हसला, पण अडला नाही. “पायलट अजून जहाजं आत आणतात, बाई. काम आहे म्हणून शब्द आहे. दाखल्यात चालू कामाचाच हुद्दा घालायचा, असा आमचा नियम. माणसानं करायचं कॉम्प्युटरचं एक तरी काम आज या कचेरीत दाखवा, मी लगेच तो शब्द लिहितो.”

बाईंनी मसुदा परत साहेबापुढे सरकवला. मग म्हणाल्या, “पुढच्या वर्षाची पुस्तिका छपाईला निघालीय. तिचा दुसरा कोण?”

“दुसरा म्हणजे?”

“पहिला झाला तुमचं यंत्र. दुसऱ्यांदा कुणी काढली?”

साहेबानं शेजारी उभ्या असलेल्या प्रोग्रामरकडे बघितलं. ती तिशीची हुशार बाई होती आणि आपलं काम चोख करायची. ती म्हणाली, “दुसऱ्यांदा काढायची गरजच नसते. कॉम्प्युटरनं काढलंय ना.”

“मग मी होईन दुसरी,” बाई म्हणाल्या. “सगळ्यात मोठ्या भरत्यांचा महिना मला द्या. हातानं मांडते. मात्र तुमचे आकडे मला दाखवू नका.”

साहेबाला यात तोटा दिसला नाही. बाईंनी चंद्र-सूर्याच्या ओढीच्या आकड्यांची जुनी टाचणं काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि मागच्या खोलीचं दार लावून घेतलं.

घरी दुसऱ्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांचा चहा तसाच राहिला. “म्हणजे माझी जागा घेतलीस,” ते म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनी जाडजूड इंग्रजी शब्दकोश हाती धरला होता आणि रोज सकाळी त्यातला एक शब्द बाईंच्या पुढ्यात येई. “पण हे हात दाखवून अवलक्षण नाही का? शब्द आहे, तो फिरायचाच. ‘नाइस’ म्हणजे एके काळी मूर्ख होता, आज बघ किती गोड झालाय. ‘क्लार्क’ धर्मगुरू होता, आता जावक बारनिशी लिहीत बसतो. तुझा हा एप्रन पूर्वी नेप्रन होता. ‘न’ गळून पडला, तरी बांधतेसच ना पोटावर? त्यांनी कुणी तक्रार केली नाही. तूच का हट्टाला पेटलीस?”

बाईंनी एप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि बसल्या. हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला होता.

“शब्द यंत्राला दिला याचा मला राग नाही,” त्या म्हणाल्या. “द्यावा. पण पूर्वी कॉम्प्युटर म्हटलं की माणूस लगेच विचारायचा, दुसऱ्यानं तपासलं का. काका विचारायचे, पायलट विचारायचे. आता कॉम्प्युटर म्हटलं की विचारायचं थांबतात. शब्दातून माणूस गेला तो गेला, जाताना दुसऱ्यालाही घेऊन गेला. मला त्याचं वाईट वाटतं. तुम्ही एवढी वर्षं दुसरे होतात, आणि माझ्या दाखल्यावरून असं दिसणार की तुमची कधी गरजच नव्हती.”

दुसऱ्यांनी शब्दकोश मिटला, गार झालेला चहा पिऊन टाकला आणि बाईंच्या पेन्सिलींना टोक करून दिलं. आठ दिवस त्यांच्या जिभेवर एक प्रश्न वळवळत होता. बाईंना तो दिसत होता, पण दोघंही मूग गिळून बसली.

निवृत्तीच्या दिवशी सकाळी साहेबाच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी आले. काकांच्या जागी साहेब स्वतः बसला, हातात पट्टी घेऊन. भरती-ओहोटीच्या मिळून महिन्याच्या एकशे सोळा वेळा होत्या. तो एक ओळ यंत्राची वाचायचा, एक बाईंची, आणि खूण करायचा. तीस ओळी जुळल्या, पन्नास जुळल्या. प्रोग्रामरच्या चेहऱ्यावर हळूहळू कौतुक दिसायला लागलं. बाई शांत बसल्या होत्या. आपलं काम त्यांना माहीत होतं.

एकोणीस तारखेला साहेबाची पट्टी थांबली. सकाळच्या भरतीत अठरा मिनिटांचा फरक होता.

तिथे खूण करून त्यानं उरलेल्या ओळी वाचल्या, त्या सगळ्या जुळल्या. प्रोग्रामरच्या तोंडचं पाणी पळालं. साहेबानं छापखान्याला फोन लावायला हात पुढे केला, आणि बाईंनी तो हलकेच थांबवला.

“थांबा. फरक पडलाय एवढंच कळलं. चूक कुणाची ते अजून ठरायचंय. आधी आपापला कागद.” मग प्रोग्रामरकडे वळून म्हणाल्या, “तू तुझा बघ, मी माझा बघते. माझ्याकडे बघायचं नाही.”

पाऊण तास गेला. बाई त्या भरतीच्या बेरजेतल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवत खाली आल्या, आणि अठराव्या ओळीवर बोट थबकलं. तिथे त्यांनी टाचणातली एक ओळ सोडून खालच्या ओळीचा आकडा उचलला होता. दाखला, हुद्दा, आठ दिवसांचा हट्ट, सगळं त्या एका आकड्यावर येऊन बसलं होतं. आकडेमोडीचा कागद त्यांच्या हातात होता आणि खोलीत दुसऱ्या कुणाला तो वाचताही आला नसता.

त्यांनी लाल पेन्सिल उचलली, आकड्याभोवती गोल काढला, शेजारी ‘चूक माझी’ असं लिहून सही केली आणि कागद साहेबापुढे ठेवला.

“इथे घसरले. सुधारलं की तुमचीच वेळ येते. फोन नको. छापू द्या.”

साहेबानं सुधारलेली वेळ यंत्राच्या ओळीशी लावून बघितली. “म्हणजे यंत्र बरोबर होतं,” तो म्हणाला.

“बरोबर ते कालही होतं, साहेब. आज आपल्याला ते माहीत झालं.”

प्रोग्रामर अजून आपल्याच कागदावर वाकलेली होती. तिनं मान वर केली. “पाच वर्षं मी हे चालवतेय,” ती म्हणाली, “पण एक भरती आतून पहिल्यापासून शेवटपर्यंत आज पहिल्यांदा तपासली. बाई, पुढच्या वर्षी दुसरा कोण?”

“ते साहेबांना विचार.”

साहेबानं मसुदा ओढून घेतला, ‘सांख्यिकी सहायक’वर रेघ मारली, वर काहीतरी लिहिलं आणि टंकनाला पाठवून दिलं. मग पुस्तिकेच्या पहिल्या पानाची प्रत काढून तिच्या तळाशीही एक ओळ लिहिली. बाईंनी वाकून बघितलं नाही. न बघायची सवय होती.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा दुसरे दारातच उभे होते. त्यांनी दाखला हातात घेतला, चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचलं. “हुद्दा, कॉम्प्युटर.” पुन्हा एकदा वाचलं. मग बाईंनी पुस्तिकेचं पान पुढे केलं. तळाशी छापायची ओळ होती. पहिला कॉम्प्युटर, यंत्र. दुसरा कॉम्प्युटर, आणि पुढे सहीपुरती मोकळी जागा. यंदाच्या प्रतीवर तिथे बाईंची सही होती.

दुसऱ्यांनी त्या जागेवरून अंगठा फिरवला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. दोघं आत जाऊन टेबलाशी बसली. थोडा वेळ शब्दकोश उगाच इकडचा तिकडे झाला.

“पहिली,” ते शेवटी म्हणाले, “एक विचारू?”

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “कचेरी सुटली ना?”

“वीस मिनिटं झाली.”

“मग विचारा.”

“किती आले?”

“एकोणीस तारीख, सकाळची भरती,” बाई म्हणाल्या. काकांनी दोघांना बोलावलं त्या दिवसानंतर त्या घरात उच्चारलेली ही पहिलीच वेळ होती. “माझे आले नऊ सत्तावीस. बरोबर होते नऊ पंचेचाळीस.”

दुसऱ्यांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. “अठराव्या ओळीवर घसरलीस. टाचणातली खालची ओळ उचललीस ना? लग्नाआधीही तिथेच घसरायचीस. जित्याची खोड.”

“म्हणून तर दुसरा लागतो,” बाई म्हणाल्या, आणि वीस तारीख सांगायला लागल्या.